पकड करणाऱ्याची पारख



बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग आहेत, हे आपल्याकडच्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. चिखली, मेहकर, सिंदखेडराजा घाटावर; मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद घाटाखाली. उतरता उतरता बोली बदलते, जमीन बदलते. परंतु दिवाळी आटोपली आणि कापसाची पहिली वेचणी घरात आली, की दोन्हीकडे मारुतीच्या देवळापुढची जागा मुरूम-माती टाकून सारखी केली जाते आणि कबड्डीचे सामने लागतात. मागच्या हिवाळ्यात घाटाखालच्या एका महाविद्यालयाच्या मैदानावर मी असाच सामना पाहत बसलो होतो. शेजारी एक शेतकरी गृहस्थ होते. त्यांचा मुलगा बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला, महाविद्यालयाच्या संघात डाव्या कोपऱ्याला खेळत होता.

अर्धा सामना झाल्यावर ते मला म्हणाले, "सर, लोकं म्हंतात पोट्टं चांगलं खेयते. मले तं ते उभंच दिसते. चढाईवाल्याले लोकं नोटा देऊन राह्यले, माइकवर नाव घेऊन राह्यले. याले कोन पैसे देईन? आन त्याचे मास्तर म्हंतात पुन्याले धाडा, मोठ्या संघाची निवड चाचणी हाये. धाडू का नको, तुमी सांगा."

प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर मला त्या जागी देता आले नाही. मी म्हटले, "भाऊ, आणखी दोन सामने पाहू द्या." आणि खरे सांगायचे तर दोन सामन्यांवरही ते भागणारे नव्हते. पकड करणाऱ्या गड्याची किंमत आपल्या देशात कोणी, केव्हा, कशी ठरवली, हा सारा इतिहासच त्या प्रश्नामागे उभा आहे. तो आज आपल्यापुढे मांडतो.

आपण ज्याला कबड्डी म्हणतो त्याला आपल्या आजोबांच्या तोंडी हुतूतू हे नाव होते. खेळ एकच, पण नियम गावोगाव निराळे. जुन्या जाणकारांनी त्याचे तीन प्रकार सांगितले आहेत: संजीवनी, गामिनी आणि अमर. शिक्षक बंधूंनी हे तीन प्रकार वर्गात सांगताना एक गोष्ट अवश्य सांगावी, ती अशी की प्रकार बदलला की पकडीचे मोलही बदलते. गामिनीत बाद झालेला गडी सबंध संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसून राही. म्हणजे प्रतिपक्षाचा वाघासारखा चढाई करणारा गडी एकदा धरला, की तो डाव संपेपर्यंत सुटका! तिथे पकड करणारा राजा. पण त्याने चुकीची झेप घातली, तर तोही तसाच बाहेर बसे. म्हणून गामिनीत धीर धरणारा गडी लागे. अमर प्रकारात कोणी बाहेर जातच नाही, फक्त गुण मोजायचा. तिथे पकड म्हणजे एक गुण, बस. संजीवनीत मात्र आपला एक गडी बाद झाला आणि आपण त्यांचा एक धरला, की आपला बसलेला उठतो. इथे एक पकड दोन कामे करते, त्यांचा एक बसवते आणि आपला एक उठवते. आज जी कबड्डी जगभर खेळली जाते ती संजीवनीच्या वळणाची आहे. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

नियम बांधण्याचे काम विशेषेकरून महाराष्ट्रात आणि बडोद्यात झाले. १९२३ साली बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने अखिल भारतीय सामने भरवले आणि छापील नियम पुढे आले. आपल्या वऱ्हाडचा वाटाही लहान नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी स्थापन केले. १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिक सामने झाले, तेव्हा या मंडळाच्या पथकाने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली, त्यात आपला हुतूतूही होता. बुलढाण्याहून अमरावती काही फार लांब नव्हे. तिथली पोरे बर्लिनला जाऊन मांडीवर थाप मारून आली, ही गोष्ट आमच्या लहानपणी तालमीत मोठ्या अभिमानाने सांगितली जाई. १९३८ साली कलकत्त्याच्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांत कबड्डीला स्थान मिळाले. १९५० साली अखिल भारतीय महासंघ झाला, १९५२ साली मद्रासला पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई स्पर्धांत प्रात्यक्षिक, आणि १९९० साली बीजिंगला पदकाचा खेळ. इतका हा प्रवास.

या साऱ्या काळात लोकांच्या तोंडी नावे कोणाची राहिली? बहुतेक चढाई करणाऱ्यांची. याचे कारण माझ्या मते आपल्या मनाच्या घडणीत आहे. अभिमन्यू चक्रव्यूहात शिरतो, भोवती सात महारथी असतात, आणि आपले डोळे भरून येतात ते आत शिरणाऱ्यासाठी. कबड्डीतही सात जण एकावर असतात. एकटा आत गेला की आपले काळीज त्याच्याबरोबर जाते. त्या सातांपैकी कोण कुठे उभा होता, कोणाचा पाय पुढे होता, हे कोण पाहतो? आट्यापाट्या खेळलेल्या माणसाला हे थोडे अधिक कळते, कारण त्या खेळात पाटी राखणाऱ्यालाच मान असतो. पण आट्यापाट्या आता आपल्याकडे फार थोड्या गावांत दिसतात.

मोजदादीचीही गोष्ट आहे. चढाई करणारा एका दमात दोन, तीन, क्वचित चार गडी मारून येतो आणि त्याच्या नावावर तितके गुण चढतात. पकड कितीही अवघड असो, साधारणपणे तिचा गुण एक. शिवाय गडी धरायला चार जण धावले, तरी कागदावर बहुधा पकड सुरू करणाऱ्याचेच नाव. ज्याने परतीची वाट अडवली म्हणून ती पकड झाली, तो कागदाबाहेरच.

हे फक्त आपल्याकडेच घडले असे समजू नका. बास्केटबॉल आपल्या जिल्ह्यातल्या काही शाळांतही खेळतात. अमेरिकेत हा खेळ पैशाचा धंदा होऊन फार वर्षे झाली. तिथे सॅनफ्रान्सिस्कोच्या विद्यापीठात के. सी. जोन्स नावाचा एक गार्ड होता. गार्ड म्हणजे आपल्या भाषेत पुढे राहून चेंडू खेळवणारा आणि समोरच्याला अडवणारा गडी. हा जोन्स मुख्यतः अडवणारा. टोपलीत चेंडू टाकण्यात तो बेताचाच होता. १९५६ साली मेलबर्नच्या ऑलिंपिकात त्याला सुवर्णपदक मिळाले. नंतर सैन्यातली नोकरी करून १९५८ साली तो बोस्टनच्या सेल्टिक्स संघात आला. त्याची सबंध कारकीर्दीची सरासरी सामन्याला सात-साडेसात गुणांची, म्हणजे कागद पाहून कोणी त्याला दाराशी उभे केले नसते. पण १९५९ ते १९६६ या आठ वर्षांत त्याचा संघ आठही वेळा अजिंक्य ठरला. गंमत अशी, की चेंडू हिसकावला किंवा टोला अडवला याची अधिकृत नोंदच त्या व्यावसायिक संघटनेत १९७३-७४ च्या हंगामापासून सुरू झाली, आणि तोवर जोन्सचे खेळणे संपले होते. ज्या कामासाठी त्याला घेतले होते, ते काम कोणी लिहूनच ठेवले नाही.

आता आपल्याकडे वळू. २०१४ पर्यंत कबड्डीत "व्यवसाय" म्हणजे नोकरी. रेल्वे, पोलीस, बँका, तेल कंपन्या, विमान कंपनी यांचे संघ असत. चांगला खेळाडू दिसला की त्याला नोकरी लागे. त्यात पकड करणाऱ्यांवर फार अन्याय झाला असे मला वाटत नाही. संघाचा व्यवस्थापक रोज मैदानावर असे, त्याला कोपरा कोण सांभाळतो हे दिसत असे. खरी परीक्षा आली ती बोलीची. २०१४ च्या मे महिन्यात प्रो कबड्डी लीगचा पहिला लिलाव मुंबईत झाला, त्यात सर्वांत मोठी बोली राकेश कुमारवर १२ लाख ८० हजारांची लागली. त्याच वर्षी २६ जुलैला लीग सुरू झाली. दूरदर्शनसंचावर गुण दिसू लागले, आकडे दिसू लागले. चढाई करणाऱ्याने एका सामन्यात दहा गुण घेतले की "सुपर टेन", पकड करणाऱ्याने पाच घेतले की "हाय फाइव्ह". म्हणजे धरणाऱ्याचे पाच हे मारणाऱ्याच्या दहाच्या तोडीचे, एवढे तरी त्यांनी कबूल केले.

लीगमध्ये जे नियम ठळक झाले, त्यांनी पकडीचे मोल आणखी वाढवले. मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असता पकड केली, तर दोन गुण. आपले मराठी वार्ताहर हिला अव्वल पकड म्हणतात. दुसरा नियम अधिक महत्त्वाचा. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसऱ्या चढाईत गुण मिळवलाच पाहिजे, नाहीतर चढाई करणारा बाद. या नियमाने "नुसते उभे राहणे" यालाही किंमत आणली. कोपऱ्यावरचा गडी योग्य जागी उभा राहिला, बोनस रेषेकडे पाय टाकू दिला नाही, स्वतः झेपावला नाही, आणि तीस सेकंद निघून गेले, तर त्याच्या नावावर काही लागत नाही. पण समोरच्या संघाच्या गळ्याभोवतीचा फास एक पीळ आवळला जातो. श्रोतेहो, त्या शेतकरी बापाला जे "उभंच" दिसत होते, ते हे होते.

२०१८ साली दोन गोष्टी घडल्या आणि लोकांचे डोळे उघडले. लिलावात इराणच्या फजल अत्राचली या डाव्या कोपऱ्याच्या गड्याला मुंबईच्या संघाने एक कोटी रुपये दिले. त्या वर्षीची सर्वांत मोठी बोली मोनू गोयत या चढाई करणाऱ्यावर, एक कोटी ५१ लाखांची होती. पण परदेशातून आलेल्या, केवळ धरण्याचे काम करणाऱ्या गड्याने कोटीचा आकडा गाठला, हे नवीनच होते. दुसरी गोष्ट आपल्याला झोंबणारी. १९९० पासून २०१४ पर्यंत आशियाई स्पर्धांत पुरुष कबड्डीचे सातही वेळचे सुवर्णपदक आपले. त्याच २०१८ साली जकार्ताला उपांत्य सामन्यात इराणने आपल्याला २७-१८ असे हरवले. आपल्या संघात नामवंत चढाई करणारे होते, आणि सबंध चाळीस मिनिटांत गुण झाले अठरा! त्या संघात आपल्या महाराष्ट्राचा गिरीश इरनाक हाही डाव्या कोपऱ्याचाच खेळाडू होता, हेही इथे नमूद करतो. पराभवाचा दोष एकट्यावर टाकण्याची आपली सवय वाईट आहे.

पुढे २०२३ च्या लिलावात पवन सेहरावत या चढाई करणाऱ्यावर दोन कोटी ६० लाखांच्या वर बोली गेली, तर इराणच्या मोहम्मदरेझा शादलुईला पुण्याच्या संघाने दोन कोटी ३५ लाख दिले. हाही डाव्या कोपऱ्याचा. त्या हंगामात पुण्याने अजिंक्यपद मिळवले. २०२५ च्या लिलावात तर याच शादलुईवर गुजरातने लावलेली दोन कोटी २३ लाखांची बोली साऱ्यांत मोठी ठरली. मात्र शिक्षक बंधूंनी पोरांना हे आकडे सांगताना पुढची ओळ गाळू नये. शादलुई गरज पडली की चढाईही करतो, लिलावात त्याची गणना दोन्ही कामे करणाऱ्यांत होते. शिवाय कोटीची बोली लागते ती बोटांवर मोजण्याइतक्यांना. संघाच्या बाकावर बसून हंगाम काढणारी तरणी पोरे पुष्कळ असतात, त्यांची नावे वर्तमानपत्रात येत नाहीत.

आता त्या पोराकडे येतो. मी त्याचे आणखी तीन सामने पाहिले, वही-पेन्सिल घेऊन. गुण लिहिले नाहीत. दर चढाईला तो कुठे उभा होता आणि चढाई करणारा कुठे गेला, एवढेच लिहिले.

पहिली गोष्ट ध्यानात आली ती अशी. चढाई करणारे बहुतेक उजव्या हाता-पायाचे असतात. समोरून येताना त्यांचा उजवा हात म्हणजे आपला डावा कोपरा. म्हणून डाव्या कोपऱ्याला सर्वांत जास्त मारा असतो. पण या पोराच्या बाजूला चढाई करणारे पहिल्या पाच-सात चढायांनंतर येईनासे होत. ते आपला हात सोडून दुसऱ्या बाजूला सरकत, आणि तिथे उजव्या कोपऱ्याचा दणकट गडी त्यांना धरी. टाळ्या त्याला. वहीत पाहिले तर त्या पकडींचे मूळ या कोपऱ्यात होते.

दुसरी गोष्ट त्याच्या पायांची. तो कधी टाचेवर उभा राहत नाही. चवड्यांवर, गुडघे किंचित वाकलेले, आणि नजर चढाई करणाऱ्याच्या कमरेवर. हात फसवतो, पाय फसवतो, डोळे तर फसवतातच. कमर फसवत नाही. हे त्याला कोणी शिकवले विचारले, तर म्हणाला, "गावातल्या तात्यांनी." घोट्याची पकड त्याची फार सुरेख आहे. पाय उचलण्याची वेळ तो अचूक साधतो.

आता उणे बाजू. तेही सांगितले पाहिजे, नाहीतर पारख कसली? तिसऱ्या चढाईला, म्हणजे जिथे समोरच्यालाच घाई असते तिथे, हा पोर स्वतः उतावीळ होतो. वीस सेकंद थांबला तर गडी आपोआप त्याच्या अंगावर येईल. पण हा दहाव्या सेकंदाला झेपावतो आणि मोकळा गुण देऊन बसतो. वजन कमी आहे. लीगमध्ये ८५ किलोपर्यंतचे गडी चालतात, आणि तसा भारी गडी घोटा धरलेला असतानाही मध्यरेषेपर्यंत ओढत नेतो. शेजारच्या मध्यरक्षकाशी त्याची साखळी जुळलेली नाही. एकट्याने धरायची हौस आहे. गादीवर, म्हणजे मॅटवर, तो फारसा खेळलेलाच नाही. मातीत पाय रुततो, गादीवर बूट घालून वळावे लागते. दोन्हींचे तंत्र निराळे. मी स्वतः तरुणपणी मातीत खेळलो, तिशीला गुडघा गेला, तो अजून घाट चढताना आठवण करून देतो. म्हणून वजन वाढवायचे तर आधी मांड्या आणि गुडघ्यांभोवतीचे स्नायू, मग बाकीचे, असे मी त्याच्या मास्तरांना बजावून सांगितले.

माझे मत असे झाले, की पोर व्यावसायिक संघात जाण्याच्या लायकीचे आहे, पण आज नव्हे, एक वर्षाने. आणि गेले तरी पहिले एक-दोन हंगाम ते बाकावर बसेल. उतावीळपणा सुटला तर कोपरा त्याचा. नाही सुटला, तर जिल्ह्याचा उत्तम खेळाडू म्हणून त्याचे नाव राहील, आणि तेही थोडे नव्हे.

पण बापाचा प्रश्न पैशाचा होता. लीगचा हंगाम काही महिन्यांचा. वर्षाचे बाकीचे महिने खायचे काय? इथे जुनी वाटच खरी आहे, नोकरीची. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे. त्याला मान्यताप्राप्त स्पर्धेतली विहित कामगिरी आणि तिची प्रमाणपत्रे लागतात, आणि त्या प्रमाणपत्रांची शासनाच्या क्रीडा खात्याकडून पडताळणी होते. गावच्या सामन्यातली ढाल आणि नोटा तिथे चालत नाहीत. शिक्षकांनो, पोराने कोणती स्पर्धा खेळली, ती कोणत्या संघटनेची, प्रमाणपत्रावरचे नाव दाखल्याप्रमाणे आहे की नाही, हे त्याच दिवशी पाहून ठेवा. पुढे चार वर्षांनी शोधाशोध करून पुष्कळ गुणी पोरे हात चोळत बसलेली मी पाहिली आहेत. आणि पदवी तर हवीच. पदवीच्या जोरावर अर्ज तरी करता येतो.

हे सारे मी त्या गृहस्थांना त्यांच्या ओसरीवर बसून सांगितले. मुलगा दाराशी उभा राहून ऐकत होता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि मग विचारले, "म्हंजे मले जे उभं राह्यलेलं दिसते, थेच त्याचं काम हाये?"

मी म्हटले, "निम्मे काम तेच."

"आन बाकीचं निम्मं?"

"थांबून थांबून नेमक्या वेळी झेपावणं. ते अजून यायचं आहे."

ते मुलाकडे वळले. "आइकलं का रे?" मग मला म्हणाले, "पऱ्हाटी उपटून झाली का मीच जातो संगं पुन्याले. औंदा नुसतं पाहून येऊ, पुढच्या वर्षी उतरू."

चाचणी पाहून ते दोघे परत आले. मुलाने दुसऱ्या वर्षाची परीक्षा दिली. आता रोज सकाळी महाविद्यालयाच्या मैदानावर त्याचे मास्तर घड्याळ हातात धरून मोठ्याने सेकंद मोजतात, आणि वीस म्हणेपर्यंत त्याला जागेवरून हलू देत नाहीत.